सेवेत गेलेल्या लेकीला घरचं किती सांगावं?

सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागातल्या एका आईने विचारलंय: मुलगी नर्सिंग पूर्ण करून गेल्या वर्षी छत्तीसगडमधल्या एका मिशन हॉस्पिटलात सेवेला गेली. फोन पाच मिनिटांत संपतो, ‘जेवलीस का, बरी आहेस ना’ याच्या पुढे सरकत नाही. आई रोज सकाळी बायबलमधलं वचन पाठवते, मुलगी ‘आमेन’ लिहिते. मध्यंतरी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंगचं वर्ष गेलं. तिच्या सेवेत व्यत्यय नको म्हणून यातलं काहीच तिला सांगितलेलं नाही. आता काय लिहावं, किती सांगावं आणि तिला धीर कसा द्यावा?

ताई, मिशनरींची आणि मागे राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांची विचारपूस करणं हेच माझं अनेक वर्षांचं काम आहे. तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर करून चालणार नाही. वडिलांच्या आजाराबद्दल मुलीला याच आठवड्यात सांगा.

तुम्ही मायेपोटी लपवलंत, हे मला कळतं. पण तुमच्या चर्चच्या मंडळीत किती जणांना ही गोष्ट ठाऊक आहे, याचा विचार करा. पाळकसाहेब दवाखान्यात येऊन प्रार्थना करून गेले असतील, महिला मंडळातल्या कुणी डबा पोचवला असेल, रविवारच्या भक्तीत नाव घेऊन प्रार्थना झाली असेल. यातलं कुणीतरी एक दिवस सहज तिला मेसेज करेल, ‘पप्पांची तब्येत आता कशी आहे गं?’ असं घडलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आजाराच्या धक्क्यातून मुली सावरतात. आपण रोज ‘घरी सगळे बरे ना’ विचारत होतो आणि आई रोज ‘हो’ म्हणत होती, हे मात्र मनात घर करून राहतं. त्यानंतर तुम्ही खरोखर ठणठणीत असलात तरी तिला ते पटत नाही. अवेळी फोन वाजला की तिच्या पोटात गोळा येतो. ज्या सेवेत व्यत्यय नको म्हणून लपवलं, तिच्यातच तिचं लक्ष लागत नाही.

शिवाय ती नर्स आहे. स्टेंट म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. तिला अर्धवट कळलं तर राहिलेलं ती स्वतःच भरून काढेल, आणि नर्सच्या डोळ्यांसमोर येतं ते वाईटातलं वाईटच येतं.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय शेवटपर्यंत वाचा. फिलिप्पैच्या मंडळीने बंदिवासातल्या प्रेषित पौलाकडे मदत घेऊन एपफ्रदीताला पाठवलं होतं. तिथे तो मरणाच्या दारात जाऊन आला. आपण आजारी असल्याचं मागच्या मंडळीला कळलंय, या विचारानेच तो कासावीस झाला होता. पौलाने तो आजार झाकला नाही. मरायला टेकला होता, देवाने त्याच्यावर दया केली, तुम्हाला आनंद व्हावा म्हणून त्याला तुमच्याकडे पाठवतोय, असं सरळ लिहिलं. दूर गेलेल्या माणसाला धीर कसा द्यावा असं कुणी विचारलं की मी हाच उतारा काढून देते. त्यात काय झालं ते आहे, आता कसं आहे ते आहे आणि पुढे काय करायचं तेही आहे.

आपल्या सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्यांची सेवा धर्मप्रचाराची नव्हती, पण घरापासून तुटून परक्या लोकांसाठी राबणं तेच. ते तिकडे असतानाच त्यांचे वडील वारले. बातमी कळल्यावरही ते परतले नाहीत, जखमी सैनिकांजवळ थांबले, आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. थांबायचं की परतायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं, आणि ते ठरवता आलं कारण घरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. तुमच्या मुलीसाठी हा निर्णय तुम्ही परस्पर घेऊन टाकलात. तो तिचा तिला परत द्या.

आता सांगायचं कसं ते. आधी मेसेज करून ड्यूटी कधी संपते ते विचारा. रात्रपाळीच्या आधी सांगू नका. फोनवर थोडक्यात सांगा आणि पप्पांचा आवाज ऐकवा. मग त्याच दिवशी सगळं सविस्तर लिहून पाठवा, कारण फोनवर ती घाबरून निम्मंच ऐकेल आणि नंतर लिहिलेलं दहादा वाचेल. साधारण असं लिहा:

‘पप्पा बरे आहेत. आज सकाळी पार्क चौकापर्यंत चालत गेले आणि येताना पेपर घेऊन आले. आता जे सांगतेय ते शांतपणे वाच. जूनमध्ये एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं, डाव्या हाताला कळ यायला लागली, घामाने बनियन भिजून गेलं. शेजारच्या काकांनी लगेच गाडी काढली. अँजिओग्राफीत एका रक्तवाहिनीत अडथळा दिसला, तिथे एक स्टेंट बसवला. चौथ्या दिवशी घरी आणलं. गोळ्या चालू आहेत, चिठ्ठीचा फोटो पाठवतेय, तू बघून घे. लोणच्याची बरणी मी वरच्या फळीवर ठेवलीय, पप्पा तिच्याकडे बघतात पण मागत नाहीत. पुढची तपासणी महिन्याअखेरीस आहे. तू धावत यावंस असं काही नाही. यावंसं वाटलं तर ये, त्यांना आनंदच होईल. नाही आलीस तरी कुणी मनात काही धरणार नाही. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आम्ही घाबरलो होतो.’

पहिल्या ओळीतच पप्पा बरे असल्याचं येऊ द्या, म्हणजे पुढचं तिला वाचता येईल. ‘जरा त्रास झाला होता’ असलं काही लिहू नका. कुठे दुखलं, काय केलं, किती दिवस ठेवलं, ते लिहा. तिने यावं की नाही याबद्दल तुमचं मन स्पष्ट सांगा. ‘तुझ्या मनाला वाटेल तसं कर’ हे वाक्य आपल्याकडच्या मुलींना फार जड जातं. त्यात त्यांना रुसवा ऐकू येतो.

धाकट्याची गोष्ट वेगळी. ती बातमी त्याची आहे. त्याला विचारा, ‘ताईला तू सांगतोस की मी सांगू?’ त्याने स्वतः सांगितलं तर उत्तम. तुम्हीच सांगायचं ठरलं तर त्याची वकिली करू नका, ‘तू इथे असतीस तर त्याने अभ्यास केला असता’ हे तर चुकूनही नको. सेवेत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात एक धास्ती असते की आपण निघून आलो म्हणून घर विस्कटलं. त्या एका वाक्याने ती धास्ती खरी ठरते.

आता पाच मिनिटांच्या फोनकडे येऊ. तुमचं पत्र वाचताना माझ्या लक्षात आलं की तुम्ही मुलीला प्रश्न खूप विचारता आणि तुमचं काहीच सांगत नाही. जेवलीस का, झोपलीस का, थंडी आहे का. दिवसभर वॉर्डात पेशंटला असेच प्रश्न विचारून ती दमलेली असते, त्यामुळे उत्तरंही एका शब्दाची येतात. तुम्ही आधी घरचं काहीतरी सांगा. मोठी बातमी असायला हवी असं नाही. नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं तेही रात्री अडीचला, आणि तुम्ही दोघं बादल्या लावत उभे राहिलात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत घरी यायला केवढा वळसा पडला. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळत घातलेली चादर तासाभरात कडक झाली. संडे स्कूलमध्ये ती ज्या मुलांना शिकवायची त्यांतल्या एकाने तिच्याबद्दल विचारलं. तिच्या कॉटवर आता कोण झोपतं, तिच्या कपाटाची किल्ली कुठे आहे.

हे क्षुल्लक वाटतं म्हणून आईवडील लिहीत नाहीत. पण ती जिथे आहे तिथे सगळे तिला ‘महाराष्ट्रवाली सिस्टर’ म्हणून ओळखतात. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका छत्तीसगढीत बोलतात, ते तिला अजून धड कळत नसेल. तिचं लहानपण, तिची चिडचिड, तिला भाकरीचा पापुद्रा आवडतो, यातलं काहीच तिथे कुणाला ठाऊक नाही. नुसतं ‘इकडे सगळं ठीक, काळजी करू नकोस’ लिहिलंत तर तिला वाटतं, आपल्यावाचून घराने आपली घडी बसवून घेतली. पाण्याच्या बादल्यांची गोष्ट वाचताना ती तुमच्याबरोबर त्या नळाशी उभी राहते. पौलासारख्या माणसानेही शेवटच्या दिवसांतल्या पत्रात तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला सांगितलंय की त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये. त्याच पत्राच्या सुरुवातीला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेऊन आठवण काढलीय. हे सगळं पवित्र शास्त्रात राहिलं. तुम्ही तुमच्या पत्रातून कशाला गाळता?

पूर्वी पत्राला दुसरा पर्यायच नव्हता. अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी १८१२ मध्ये शिडाच्या जहाजाने अमेरिकेतल्या सेलम बंदरातून कलकत्त्याला आले तेव्हा वाटेत चार महिने गेले, आणि घरच्या पत्रांनाही तितकाच वेळ लागायचा. ख्रिस्ताच्या लॅटर-डे सेंट्सच्या मंडळीत, म्हणजे मॉर्मन पंथात तर अगदी अलीकडेपर्यंत तरुण मिशनरींना वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, घरी फोन करता यायचा; बाकी आठवड्याला एक ईमेल. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉलची मुभा मिळाली. तुमच्या मुलीच्या संस्थेत असं बंधन दिसत नाही, तरी आठवड्याचा एक ठरलेला वार तुम्ही दोघींनी मिळून ठरवा आणि त्या दिवशी निवांत बोला. अधूनमधून हाताने पत्रही लिहा. फोन ठेवला की संपतो. पत्र उशाखाली राहतं, आणि ज्या रात्री नेटवर्क नसतं त्या रात्री वाचता येतं. अंतर्देशीय पत्र आजही अडीच रुपयांत जातं, फक्त त्याच्या आत फोटो वगैरे घालता येत नाही, त्यासाठी पाकीट घ्या.

वचनांबद्दल आता. रोजची फॉरवर्ड केलेली चित्रं थांबवलीत तरी तिचं काही अडणार नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकच वचन पाठवा, पण ते तुम्हाला का आठवलं ते लिहा. ‘पप्पांना आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी स्तोत्र १२१ म्हणत होते, तिसऱ्या ओळीपुढे आठवेना, मग तेवढंच पुन्हापुन्हा म्हटलं.’ याला ती ‘आमेन’ लिहून थांबणार नाही.

उत्तेजन देतानाही असंच जवळचं बोला. ‘देव तुझ्याकडून मोठं कार्य करून घेणार आहे’ हे आपण सगळेच भाबडेपणाने म्हणतो. त्या दिवशी तिने बेडपॅन धुतलेले असतात, एका नातेवाइकाची शिवी खाल्लेली असते, ज्या बाळंतिणीसाठी रात्रभर जागली ती वाचलेली नसते. मोठं कार्य कुठे आहे, असं तिला वाटतं आणि आपण कमी पडतोय अशी खंत लागते. तिने मागच्या वेळी जे सांगितलं ते आठवणीत ठेवा आणि त्यावरच बोला. ‘ती आजी औषध थुंकायची ना, आता घेते का?’ किंवा, ‘पेशंटला पहिल्यांदा इंजेक्शन देताना तुझे हात थरथरले होते म्हणाली होतीस, आता नवीन मुलींना तूच शिकवतेस, हे मी पप्पांना वाचून दाखवलं.’ आपली आई आपलं काम नीट ऐकते, हे कळलं की मुलं आपोआप जास्त सांगायला लागतात. मी हे इतक्यांदा बघितलंय की यावर माझा पक्का विश्वास आहे.

कधीतरी ती म्हणेल, ‘मम्मी, मला इथे नको वाटतंय.’ त्या वेळी दोन उत्तरं जिभेवर तयार असतात, ‘मग ये परत’ आणि ‘देवाने बोलावलंय, सहन कर’. दोन्ही गिळा. ‘काय झालं ते सांग’ म्हणा आणि ती बोलेल तितका वेळ ऐका. पहिले काही महिने नवलाईत जातात. नवलाई ओसरली की भाषा, जेवण, एकटेपणा सगळं एकदम अंगावर येतं, आणि तुमची मुलगी नेमकी त्याच टप्प्यात आहे. बहुतेक वेळा ती नुसती मोकळी होत असते. पण झोप उडालीय, जेवण तुटलंय, वारंवार ताप येतोय, बोलणंच बंद झालंय असं दिसलं तर तिला सांगून, तिच्या पाठीमागे नव्हे, तिच्या वरिष्ठांशी बोला. सुट्टी मागायला आणि समुपदेशकाकडे जायला तिला बळ द्या. आणि तिथे कुणी तिचा छळ करतंय, तिच्याशी गैर वागतंय असं काही कानावर आलं तर संस्थेच्या नावाचा, सेवेचा, लोक काय म्हणतील याचा कशाचाही विचार न करता तिला घरी आणा.

लग्नाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तो तुमच्या घरात असणारच. स्थळं येत असतील, आत्या-मावश्या विचारत असतील. धीर देण्याच्या पत्राच्या शेवटी हळूच स्थळाची माहिती जोडू नका. मग पुढच्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ ती आधी वाचते आणि वरचं सगळं तिला त्या ओळीची तयारी वाटायला लागतं. लग्नाबद्दल बोलायचं तर ती सुट्टीवर आल्यावर समोरासमोर, एकदा, मोकळेपणाने बोला. तोवर नातेवाइकांना तुम्ही थोपवून धरा. तेवढं तुम्ही नक्की करू शकता. चुलतभावाचं पुण्यातलं पॅकेजही तिला कळवायची गरज नाही. तिला मानधन किती मिळतं हे तिला माहीत आहे.

एक गोष्ट सक्त सांगते. ती तिकडून जे फोटो आणि ज्या गोष्टी पाठवते त्या मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. त्यातल्या पेशंटचा आजार ही त्यांची खासगी बाब आहे. शिवाय छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा या राज्यांत धर्मस्वातंत्र्याचे कायदे कित्येक दशकांपासून आहेत, आणि कौतुकाने टाकलेला एखादा फोटो भलत्याच अर्थाने फिरला तर त्रास तिला, हॉस्पिटलला आणि फोटोतल्या त्या गरीब माणसांना होतो. प्रार्थनेसाठी सांगायचं असेल तर गावाचं आणि माणसांचं नाव न घेता, तिला विचारून, तोंडी सांगा.

खाऊ पाठवाच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी टिकते, प्रवासात तुटली तरी चुरून खाता येते. चटणी दुहेरी पिशवीत बांधा, तेल सुटतं. आडगावी खासगी कुरिअर पोचतंच असं नाही, पोस्ट पोचतं. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिळवलंय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागा. वॉर्डातल्या तिच्या मैत्रिणींना पुरेल एवढं पाठवा. नाताळचा फराळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच रवाना करा. नाताळच्या रात्री आपल्याकडे तरुण संघ घरोघर गाणी म्हणत फिरतो, ती तिथे ड्यूटीवर असते. ती गाणी रेकॉर्ड करून पाठवलीत तर तिला त्या रात्री फार बरं वाटेल.

आणि भाऊंनाही, म्हणजे तिच्या पप्पांनाही, लिहायला लावा. आपल्याकडे वडील फोन आईच्या हातात देतात आणि लांबून ‘विचार गं तिला’ म्हणतात. तुमच्या पत्राच्या खाली त्यांच्या हाताने चार ओळी येऊ द्या. आजारपणानंतर त्यांचं अक्षर तिला बघायला मिळणं, हा तिच्यासाठी कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठा पुरावा आहे.

सगळं कळल्यावर ती रागावेल. कदाचित फोन ठेवेल, दोन-चार दिवस बोलणार नाही, नाहीतर रडत विचारेल, ‘मला तेव्हाच का नाही सांगितलंस?’ तेव्हा ‘तुझ्याच भल्यासाठी’ असं म्हणू नका. तिचं खरं आहे, असंच म्हणा आणि यापुढे सांगू असा शब्द द्या. मग महिन्याअखेरची भाऊंची तपासणी झाली की डॉक्टर काय म्हणाले ते घरी परतण्याआधी, दवाखान्याच्या दारातूनच तिला कळवा.